अवरोधी कावीळ व प्रतिरक्षा कोशिकांतील एंझाइमे

पित्तमार्गात अडथळा आल्यामुळे पित्त आतड्यात न पोहोचता त्यातील घटक रक्तात साचतात, तेव्हा त्या विकाराला अवरोधी कावीळ म्हणतात. पित्तखडे, अग्निपिंडाच्या शीर्षाचा कर्करोग व पित्तनलिकेचे आकुंचन ही तिची प्रमुख कारणे होत. डोळे व त्वचा पिवळी होणे, मूत्र गडद व मल पांढुरका होणे आणि अंगाला कंड सुटणे ही लक्षणे सहज नजरेस येतात. तथापि रुग्णाच्या जीवितास मोठा धोका संभवतो तो संसर्गापासून.

पित्तलवणे वसेच्या पचनास मदत करतात. शिवाय आतड्यातील जंतूंची वाढ व त्यांच्या कोशिकाभित्तीतून सुटणाऱ्या अंतर्विषाचे शोषण यांनाही आळा घालतात. ती आतड्यात येईनाशी झाली की, यकृताकडे जाणाऱ्या रक्तात अंतर्विष अधिक प्रमाणात शिरते. ते काढून टाकणे हे कुप्फर कोशिकांचे (कार्ल व्हिल्हेल्म फोन कुप्फर यांनी १८७६ मध्ये वर्णन केलेल्या यकृतातील कोशिकांचे) काम असते. परंतु अवरोधामुळे त्यांची क्षमताही घटते.

रक्तातील न्यूट्रोफिल या श्वेतकोशिका जंतू गिळून एंझाइमांच्या साहाय्याने त्यांचा नाश करतात. एनएडीपीएच ऑक्सिडेजामुळे ऑक्सिजनापासून सुपरऑक्साइड व त्यापासून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. मायेलोपेरॉक्सिडेजामुळे त्यापासून जंतुघातक हायपोक्लोरस अम्ल बनते. अवरोधी काविळीत ही क्रियाशीलता एकाच दिशेने बदलत नाही. अंतर्विषाने उत्तेजित झालेल्या कोशिका जादा सुपरऑक्साइड सोडून निरोगी ऊतकांना इजा करू शकतात, तर जंतू मारण्याची त्यांची क्षमता उणावू शकते. म्हणून श्वेतकोशिकांची संख्या पुरेशी असली, तरी संरक्षण पुरेसे असेलच असे नाही.

काविळीबरोबर हुडहुडी भरून ताप येणे व पोटाच्या वरच्या उजव्या भागात दुखणे ही पित्तमार्गाच्या तीव्र संसर्गाची चिन्हे होत (झां मार्तँ शार्को, १८७७). अशा वेळी प्रतिजैविके व पित्ताचा तातडीने निचरा यांवर रुग्णाचे प्राण अवलंबून असतात. संसर्ग नसल्यास मात्र शस्त्रक्रियेपूर्वी सरसकट निचरा करणे हितकारक ठरत नाही. अग्निपिंडशीर्षाच्या कर्करोगाच्या रुग्णांवरील नेदर्लंड्समधील चाचणीत (२०१०) आधी निचरा केलेल्या गटात ७४ टक्के, तर लवकर शस्त्रक्रिया केलेल्या गटात ३९ टक्के रुग्णांत गंभीर उपद्रव आढळले. निचऱ्यासाठी बसविलेल्या नळीवाटे जंतू पित्तात शिरू शकतात, हे याचे एक कारण होय. अवरोध दूर झाल्यावरही प्रतिरक्षा लगेच पूर्ववत होत नाही. तिला काही आठवडे लागू शकतात.