कंपनीचा नफा, गांवची शाळा व रस्ता

शाळेच्या खोलीवर अथवा रस्त्याच्या वळणावर मोठ्या कंपनीच्या नांवाची पाटी दिसली कीं, तो धर्मादाय आहे असें आपण समजतों. ही समजूत अपुरी आहे. १ एप्रिल २०१४ पासून अमलांत आलेल्या कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमान्वयें, ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून अधिक असेल, तिनें मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे २ टक्के लोकहिताकडे खर्च करावयाचे असतात. शिक्षणप्रसार हें त्यांतील एक काम. रस्त्यावरील सुरक्षिततेचें शिक्षण व वाहनचालकांची तालीमही त्यांत येते, असा खुलासा सरकारनें जून २०१४ मध्यें केला. कंपनीचें काम जेथें चालतें, त्या मुलखास प्राधान्य द्यावें, असेंही कलम सांगतें.

ट्रॅक्टरामुळें आपल्या परिचयाची महिंद्रा आणि महिंद्रा कंपनी घ्या. तिच्याशीं संबंधित के. सी. महिंद्रा शिक्षण न्यास १९५३ पासून, म्हणजे या कायद्याच्या कितीतरी आधींपासून आहे. गरीब घरांतील मुलींस शाळेच्या जोडीस जादा शिकवणी देणारा ‘नन्ही कली’ हा त्याचा उपक्रम १९९६ मध्यें सुरू झाला.

रस्त्याचें काम याहून निराळें. मुंबई-पुणें द्रुतगती मार्गावर २०१६ मध्यें १५१ माणसें दगावलीं. त्याच वर्षीं सेव्हलाइफ फाउंडेशन, राज्य रस्ते विकास महामंडळ व ही कंपनी यांनीं तेथें अपघाती मृत्यु शून्यावर आणण्याचा कार्यक्रम हातीं घेतला. गाडी कशावर आदळली, वेग किती होता, पट्टा बांधला होता काय, मदत केव्हां पोहोंचली, हें तपासलें गेलें. त्यावरून कठडे, फलक, पोलिसांचा पहारा व रुग्णवाहिका यांची व्यवस्था सुधारण्यांत आली. २०१८ मध्यें मृत्यूंची संख्या ११० झाली. शून्य दूर राहिलें खरें. पण एका वर्षांत ४१ माणसें कमी दगावणें ही लहान गोष्ट नव्हे. महसुली दप्तरांत आयुष्य घालविलेल्या आम्हांस यांतील क्रम विशेष पटला : आधीं पंचनामा, मग खर्च.

आतां आपल्याकडे पाहावें. गाळपाच्या हंगामांत ट्रॅक्टरामागें उसानें भरलेल्या दोन ट्रॉल्या रात्रीं रस्त्यानें जातात. मागें दिवा नाहीं, रिफ्लेक्टर नाहीं. मोटारसायकलवाल्यास ट्रॉली दिसते ती अंगावर आल्यावरच. सहकारी साखर कारखाना कंपनी कायद्याखालीं नोंदलेला नसल्यानें वरील कलम त्यास लागू नाहीं. परंतु त्याचे मालक आपण सभासदच आहों. रिफ्लेक्टरावांचून ट्रॉली वजनकांट्यावर घ्यावयाची नाहीं, असा ठराव वार्षिक सभेंत करण्यास कोणाची आडकाठी आहे?

जवळपास मोठी कंपनी असल्यास ग्रामसभेनें गेल्या पांच वर्षांतील अपघातांची स्थळ, वेळ व कारण यांसह यादी करावी. मुलें कोणत्या ठिकाणीं रस्ता ओलांडतात तेंही लिहावें, आणि ठरावासह ती कंपनीकडे धाडावी. कंपनीस या खर्चाचा वार्षिक अहवाल द्यावा लागतो. तो मागून वाचावा. पाट्या किती लागल्या हें विचारूं नये; मुली किती शिकल्या व माणसें किती वांचलीं, हें विचारावें.