पत्त्यांचे यंत्र आणि संभाव्यतेचे गणित

द्यूताचे व्यसन आणि द्यूताचे गणित या दोन्ही गोष्टी आपल्या परंपरेला अपरिचित नाहीत. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात फाशांनी नागविलेल्या जुगाऱ्याचा विलाप आहे. तर महाभारतातील नलोपाख्यानात वृक्षावरील पाने व फळे क्षणात मोजणारा ऋतुपर्ण राजा नलाला 'अक्षहृदय' ही विद्या देतो. युरोपात १६५४ साली पास्कल आणि फर्मा या दोघा फ्रेंच गणितज्ञांनी अर्धवट राहिलेल्या डावातील पैशांची वाटणी कशी करावी, या प्रश्नावर पत्रव्यवहार केला आणि त्यातून संभाव्यताशास्त्राचा पाया घातला गेला. या शास्त्राच्या कसोटीवर आजचे एक यंत्र घासून पाहावे, असा आमचा मानस आहे.

ते यंत्र म्हणजे 'व्हिडिओ पोकर'. अमेरिकेतील नेवाडा राज्याच्या द्यूतगृहांत १९७० च्या दशकाच्या अखेरीस त्याचा प्रसार झाला. त्याची रीत सोपी आहे. पैसे लावताच बावन्न पानांच्या कॅटमधून पाच पाने पडद्यावर येतात. खेळाडूने हवी ती ठेवावी, नको ती टाकावी. टाकलेल्यांच्या जागी उरलेल्या ४७ पानांतून नवी पाने मिळतात. मग अंतिम पाच पानांवरून बक्षीस ठरते. गुलाम किंवा त्याहून वरच्या पानांची जोडी लागली, तर लावलेली रक्कम तेवढीच परत. दोन जोड्यांना दुप्पट, एकाच मोलाच्या तीन पानांना तिप्पट, सलग पाच पानांना चौपट, एकाच रंगाच्या पाच पानांना सहापट, तीन व दोन अशा जुळणीला नऊपट, एकाच मोलाच्या चार पानांना पंचवीसपट, एकाच रंगाच्या सलग पाच पानांना पन्नासपट. आणि एकाच रंगाची दश्शी, गुलाम, राणी, राजा व एक्का आल्यास, पूर्ण पाच नाणी लावलेली असता, आठशेपट.

आता एक उदाहरण घेऊ. हाती बदामाचे एक्का, राजा, राणी, गुलाम आणि सत्ती आली. पाचही पाने एका रंगाची, म्हणजे सहापट रक्कम निश्चित. ती घ्यावी, की सत्ती टाकून दश्शीची वाट पाहावी? उरलेल्या ४७ पानांत बदामाची दश्शी एक; तिचे मोल ८००. बदामाची अन्य पाने सात; त्यांचे ७ × ६ = ४२. इतर रंगांच्या दश्श्या तीन; त्यांनी सलग पाने होतात, म्हणून ३ × ४ = १२. इतर रंगांचे एक्के, राजे, राण्या व गुलाम मिळून बारा. त्यांनी जोडी होते, म्हणून आणखी १२. एकूण ८६६, त्यास ४७ ने भागले असता सुमारे १८.४ येतात. यालाच 'अपेक्षित मूल्य' म्हणतात. ते सहाच्या तिपटीहून अधिक असल्याने सत्ती टाकणे हाच योग्य निर्णय. तथापि ४७ पैकी २४ पाने अशी आहेत की, ज्यांनी हाती काहीच लागत नाही! निर्णय योग्य असूनही अर्ध्याहून अधिक वेळा फळ प्रतिकूल मिळते. निर्णयाची योग्यता एका फळावरून ठरवू नये, हा धडा येथे मिळतो.

पाच पानांचे एकूण २५,९८,९६० निरनिराळे संच संभवतात. प्रत्येक संचासाठी अशी गणना करून सर्वोत्तम चाल ठरविता येते. प्रत्येक वेळी तीच चाल खेळणाऱ्यास दीर्घकाळात शंभर रुपयांमागे सरासरी ९९.५४ रुपये परत मिळतात. जेथे नऊपट व सहापट यांच्या जागी आठपट व पाचपट देतात, तेथे हाच परतावा ९७.३० पर्यंत घसरतो. यंत्र बाहेरून सारखेच दिसते. भेद केवळ बक्षिसांच्या तक्त्यातील दोन अंकांचा. दर डावास पाच रुपये आणि ताशी सहाशे डाव धरले, तर तासाला तीन हजार रुपये लागतात. पहिल्या यंत्रावर त्यांतील सरासरी १३ रुपये ८० पैसे जातील, दुसऱ्यावर ८१ रुपये. म्हणून जाणता मनुष्य प्रथम तक्ता वाचतो.

मात्र ९९.५४ या आकड्यातही एक गोम आहे. त्यातील जवळजवळ दोन टक्के वाटा आठशेपटीच्या त्या एका बक्षिसाचा आहे, आणि ते सरासरी चाळीस हजार डावांतून एकदा लागते. ताशी सहाशे डावांच्या हिशेबाने हे सुमारे ६७ तास झाले. तोवर परतावा साडेसत्त्याण्णवच्या आसपासच राहतो. शिवाय एवढे डाव खेळूनही शंभरातील सुमारे ३७ जणांना ते बक्षीस एकदाही लाभणार नाही. "इतका वेळ आले नाही, आता येईलच," हा भ्रम होय. यंत्राला मागील डावांचे स्मरण नसते.

हा विषय आम्हांस दूरचा वाटत नाही. पणजीत मांडवीच्या पात्रात कॅसिनोंची जहाजे उभी आहेत, आणि पैशांच्या खेळांच्या जाहिराती आपल्या हातातील दूरध्वनीपर्यंत येऊन पोहोचल्या. अशा ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा भारताच्या संसदेने २०२५ साली संमत केला. 'हा कौशल्याचा खेळ आहे,' हे त्या जाहिरातींचे आवडते वाक्य. आमच्या यंत्रातही कौशल्य आहे, हे वर दिसलेच. परंतु तेथील परिपूर्ण कौशल्यही तोटा कमी करते, नाहीसा करीत नाही. कारण बक्षिसांचा तक्ता लिहिण्याचा अधिकार खेळाडूकडे नसतो.

तेव्हा, विद्यार्थिमित्रहो, पुढे कोणी कौशल्याचे नाव घेऊन असा डाव मांडला, तर पाने उचलण्यापूर्वी तक्ता मागून घ्यावा आणि कागद-पेन्सिल घेऊन बसावे. त्या बैठकीस एक पैसाही लागत नाही, आणि तीत झालेला लाभ कोणी हिरावून घेऊ शकत नाही.