दार आतून उघडते का?

माझी साठी झाली त्या वर्षी आमच्या कन्येने आम्हा उभयतांच्या हातात एक पाकीट ठेवले. आत नोटा असतील अशी माझी, बँकेत उभी हयात काढलेल्या माणसाची, भाबडी समजूत. निघाले एक गुळगुळीत कार्ड. शहरातल्या एका 'वेलनेस सेंटर'मध्ये दोघांना दहा-दहा बैठका. आधी तेलाचे मालिश, मग वाफेची केबिन आणि शेवटी आल्याचा चहा. "आयुष्यभर दुसऱ्यांच्या ठेवी सांभाळल्यात बाबा, आता स्वतःची सांभाळा," असे तिचे म्हणणे. दहांपैकी माझी एकच बैठक झाली. सौभाग्यवतींच्या मात्र दहाही पार पडल्या. आज लिहायचे आहे ते या एक आणि दहाच्या हिशेबाबद्दल.

केबिन म्हणजे एक छोटीशी खोली, आत बसायला बाक, काचेचे दार आणि पायाशी वाफेची नळी. "काका, पंधरा मिनिटं बसा," असे सांगून तिथला मुलगा दार लोटून निघून गेला. पहिली दहा मिनिटे खरोखर स्वर्गसुख होते. तीस वर्षे लेजरवर वाकून आखडलेली मान लोण्यासारखी मऊ झाली. मग कानात गुणगुण सुरू झाली. डोळ्यांपुढे काजवे चमकले. बाहेर पडावे म्हणून मी ताडकन उठलो आणि दार ओढू लागलो. दार काही उघडेना. ते बाहेर ढकलायचे होते, हे मला नंतर कळले. त्या क्षणी मात्र मी ते ओढतच होतो, आणि ओढता ओढता गुडघ्यात मोडून खाली बसलो. धप्प आवाज ऐकून शेजारच्या खोलीतून सौ. धावत आली म्हणून बरे.

आमच्या डॉक्टरांनी संध्याकाळी तीनच प्रश्न विचारले. सकाळची रक्तदाबाची गोळी घेतली होती का? होय, लघवी वाढवणारी. काही खाल्ले होते का? नाही, मालिशपूर्वी खाऊ नका असे सांगितले होते. उठताना सावकाश उठलात का? नाही. "मग झालं ते हिशेबाप्रमाणेच झालं," डॉक्टर म्हणाले.

हा हिशेब साधा आहे. बाहेर उष्णता वाढली की शरीर कातडीकडे जास्त रक्त धाडते, म्हणजे उष्णता बाहेर टाकता येते. त्यासाठी रक्तवाहिन्या सैल होतात, हृदयाचे ठोके वाढतात. फिनलंडच्या कडक सौनात ते मिनिटाला १०० ते १५० पर्यंत जातात. भरभर चालल्यावर व्हावे तसे हृदयाला काम पडते. घामावाटे अर्धा लिटरभर पाणी सहज जाते. सैल झालेल्या वाहिन्या आणि कमी झालेले पाणी, यांमुळे रक्तदाब उतरतो. ज्याला हे सोसते त्याला हलके वाटते, झोप छान लागते. माझ्यासारखा गोळी घेतलेला, उपाशी माणूस एकदम उठला, की रक्त पायात उरते आणि डोके रिकामे होते. म्हणजे गुण आणि धोका या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. एकाच नाण्याच्या त्या दोन बाजू आहेत.

केबिनींचे प्रकारही समजून घ्यावेत. फिनिश सौना कोरडा, ८० ते १०० अंश सेल्सिअसचा. वाफेची खोली ४० ते ५० अंशांची, पण दमट. इन्फ्रारेड केबिन साधारण ४५ ते ६० अंशांची. आकडा कमी म्हणून वाफ सौम्य, असे मात्र नाही. नागपूरच्या कोरड्या उन्हात घाम वाळतो आणि अंग निवते. मुंबईत मे महिन्यात पारा खाली असूनही घाम वाळत नाही आणि जीव नकोसा होतो. वाफेच्या केबिनचे गणित मुंबईचे आहे.

आपल्याला शेक काही नवा नाही. बाळंतिणीच्या बाजेखालची शेगडी, ओव्या-शेपांची धुरी, सर्दीला वाफारा हे घराघरात होते. रत्नागिरी जिल्ह्यात नोकरीला असताना तुरळ-राजवाडीच्या गरम पाण्याच्या कुंडांवर मी अनेकदा गेलो. तिथे एका म्हाताऱ्याने मला पहिल्याच दिवशी हटकले होते, "साहेब, आधी पाय सोडा. आणि एकटे येऊ नका." त्या वेळी मला तो उगाच बडबड्या वाटला.

या उष्णतेवर सर्वांत जास्त अभ्यास झाला तो अर्थातच फिनलंडमध्ये. लोकसंख्या सुमारे ५५ लाख आणि सौना ३० लाखांच्या घरात, असा तो देश. युनेस्कोने २०२० साली तिथल्या सौना-संस्कृतीला मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिले. पूर्व फिनलंडमधल्या ४२ ते ६० वयाच्या २,३१५ पुरुषांवर सुमारे वीस वर्षे लक्ष ठेवून केलेला एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्यातून एकदा सौना घेणाऱ्यांपेक्षा चार ते सात वेळा घेणाऱ्यांमध्ये हृदयविकाराने अचानक मृत्यू येण्याचा धोका ६३ टक्क्यांनी कमी आढळला. हा आकडा आता अनेक माहितीपत्रकांत झळकतो. पण बँकेतल्या माणसाला एक खोड असते. लॉकर घेणारे बहुधा सुखवस्तू असतात. म्हणून लॉकर घेतल्याने माणूस सुखवस्तू होतो असे नाही. ज्याचे हृदय आधीच कुरकुरते आहे तो आठवड्यातून पाच वेळा सौनात जाणारच नाही. संशोधकांनी धूम्रपान, रक्तदाब वगैरे गोष्टी हिशेबात धरल्या होत्या, तरी ही शंका पुरती फिटत नाही. शिवाय ते फिनिश पुरुष होते, लहानपणापासून सवयीचे. उपास करून कार्ड वटवायला गेलेला साठीचा मराठी गृहस्थ त्यांत नव्हता.

त्याच फिनलंडमध्ये हाइनोला गावी १९९९ पासून सौनात जास्तीत जास्त वेळ बसण्याची जागतिक स्पर्धा भरत असे. ऑगस्ट २०१० मध्ये ११० अंशांच्या सौनात अंतिम फेरीतले दोघे कोसळले. एकाचा मृत्यू झाला, दुसरा गंभीर भाजला. स्पर्धा कायमची बंद झाली. ज्यांना उष्णतेची सर्वांत जास्त सवय, तेच तिथे गेले होते. सवय उपयोगी पडते, पण चढाओढ सुरू झाली की तीही वाचवू शकत नाही.

आपल्याकडेही याचा विचार कुणी केला नव्हता असे नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला चौदावा अध्याय स्वेदावर आहे. अग्नीच्या साहाय्याने घाम आणण्याचे तेरा प्रकार त्यात सांगितले आहेत. त्यांतला 'जेन्ताक' म्हणजे आजच्या केबिनचा आजोबाच म्हणायचा! पुष्कळ झरोक्यांची मातीची गोल कुटी, मध्ये भट्टी, भिंतीलगत कट्टा. आत जाणाऱ्याला बजावले जाते, की घेरी येऊ लागली तरी कट्टा सोडू नकोस. कट्ट्यावरून ढळलास तर दार सापडणार नाही आणि प्राणाला मुकशील. घाम पुरता आला की त्याच कट्ट्याच्या आधाराने दारापर्यंत ये, आणि लगेच गार पाण्याकडे धावू नकोस. हे वाचले तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. दार सापडत नाही म्हणजे काय, हे मी अनुभवले होते.

याच अध्यायात घाम कुणाला आणू नये याची यादी आहे. गर्भिणी, नित्य मद्य घेणारा, मधुमेही हे त्यात आहेतच. पण तहानलेला, भुकेला, थकलेला, रागावलेला आणि शोकात असलेला माणूसही आहे. आजचे माहितीपत्रक म्हणते, 'थकलात? या!' चरक म्हणतो, थकला आहेस, तर आज नको.

उष्णतेच्या पाठोपाठ आता थंडीच्या केबिनीही आल्या आहेत. द्रव नायट्रोजनने शून्याखाली शंभर अंशांच्याही पलीकडे नेलेली हवा आणि त्यात दोन-तीन मिनिटे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१६ मध्येच बजावले, की अशा उपचारांच्या दाव्यांना पुरेसा पुरावा नाही. त्याआधी २०१५ मध्ये नेवाडा राज्यातल्या अशाच एका केंद्रात काम करणारी तरुणी कामाची वेळ संपल्यावर एकटीच केबिनमध्ये गेली आणि दुसऱ्या दिवशी मृतावस्थेत सापडली. नायट्रोजनला वास नसतो. तो प्राणवायूची जागा घेतो आणि माणसाला पत्ताही लागत नाही.

मग सौ.चे काय? तिचे गुडघे तिसऱ्या बैठकीनंतर खरोखर मोकळे झाले. कितीतरी दिवसांनी ती कठड्याला न धरता जिना उतरली. उष्णतेने आखडलेले स्नायू सैलावतात, दुखणे काही काळ कमी होते, हे डॉक्टरांनाही मान्य. झिजलेली कूर्चा मात्र परत येत नाही. केबिनीने 'विषे' बाहेर पडतात हा दावाही असाच. घाम म्हणजे मुख्यतः पाणी आणि मीठ, विषांचा निचरा यकृत आणि मूत्रपिंडे करतात. काट्यावर उतरलेले वजन दोन ग्लास पाण्यात परत येते. एवढे समजून घेतले, तर उरतो तो दिलासा खरा आहे. रोज दुखण्यात उठणाऱ्या बाईला तो थोडा नसतो. माझ्या भीतीपायी तिने तो का सोडावा?

म्हणून आम्ही मार्ग काढला. डॉक्टरांना विचारले, तिचा रक्तदाब आणि हृदय ठीक निघाले. ज्यांना नुकताच हृदयविकाराचा झटका आला आहे, छातीत दुखते, ताप आहे किंवा दिवस गेले आहेत, त्यांनी विचारल्याशिवाय पाऊल टाकू नये, असे ते म्हणाले. मधुमेहाने पायांची संवेदना गेली असेल तर भाजलेलेही कळत नाही. आधी हलके खाणे आणि पाणी, पंधराऐवजी आठ मिनिटे, उठण्यापूर्वी दोन मिनिटे पाय हलवत बसणे. आणि केंद्रवाल्यांना, दर विचारण्याच्या आधी, विचारायचा एक प्रश्न : दार आतून कसे उघडते, आणि बाहेर कोण असते?

बँकेत स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या असत, दोघांच्या ताब्यात. एकट्याने उघडायची नाही, एकट्याने लावायची नाही. आणि लावण्यापूर्वी आत डोकावून मोठ्याने हाक मारायची, "कोण आहे का आत?" आत कुणी नाही हे डोळ्यांना दिसत असले तरीही. नव्या पोरांना त्याचे हसू येई. मी मात्र ती हाक कधी चुकवली नाही.

उरलेल्या नऊ बैठकांना मी केबिनबाहेर खुर्ची टाकून वर्तमानपत्र घेऊन बसलो. दर दोन मिनिटांनी काचेवर टकटक करून विचारी, "काय गं, आहेस ना?"

आतून वाफेतून उत्तर येई, "आहे हो! जरा गप्प बसा."

तेवढे ऐकले की मी पुढची बातमी वाचायला घेई.