दोन ठिपक्यांमागचा एक क्वेसार

मे महिन्यात मध्यरात्र उलटली की धनू रास नागपूरच्या दक्षिण आकाशात वर चढते. तिथेच, क्षितिजापासून जास्तीत जास्त ४८ अंशांवर, ‘पीकेएस १८३०-२११’ हा क्वेसार, म्हणजे अतिदूरच्या दीर्घिकेचं तेजस्वी केंद्र, येतो. आकाशगंगेच्या धुळीआड असल्याने डोळ्यांना तो दिसत नाही. रेडिओ लहरींत मात्र ठळक असतो. गुरुत्वीय भिंगांच्या अभ्यासात आपल्याकडच्या संशोधकांनी काय कमावलं, हे त्याच्याकडे पाहून नीट कळतं.

१९७९ मध्ये वॉल्श, कार्सवेल आणि वायमन यांना अवघ्या ६ विकलांच्या कोनीय अंतरावर दोन जुळे क्वेसार सापडले. मुळात क्वेसार एकच होता. मधल्या दीर्घिकेच्या गुरुत्वाने भिंगासारखा त्याचा प्रकाश दोन वाटांनी वळवला होता. त्याच वर्षी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या (टीआयएफआर) शशिकुमार चित्रे आणि जयंत नारळीकर यांनी क्वेसारमधल्या प्रकाशाहून वेगवान भासणाऱ्या हालचालींमागे असंच भिंग असू शकेल, असं मांडलं. तो खुलासा पुढे मागे पडला, पण भिंगाचं गणित तिथे रुजलं. सिद्धांताप्रमाणे प्रतिमा विषम संख्येत हव्यात, मग दिसतात सम का? दीर्घिकेचा गाभा फार घट्ट असेल तर एक प्रतिमा अतिशय अंधूक होते, असं उत्तर नरसिंह, सुब्रमण्यन आणि चित्रे यांनी १९८६ मध्ये ‘नेचर’मध्ये दिलं.

१९८८ मध्ये प्रमेश राव आणि रवी सुब्रह्मण्यन यांनी धनूतल्या त्या क्वेसारकडे लक्ष वेधलं. विकलेभर अंतरावर दोन ठिपके, आणि दोन्हींचा रेडिओ वर्णपट सपाट. असा वर्णपट दीर्घिकेच्या सक्रिय केंद्राच्या गाभ्याचा असतो. एका क्वेसारला दोन गाभे कुठून आले? १९९० मध्ये नरसिंह आणि गोविंद स्वरूप यांच्यासह त्यांनी भिंगाची शक्यता तपासली. १९९१ मध्ये ठिपक्यांना जोडणारं कडं दिसलं आणि शंका फिटली. एका प्रतिमेतला चढउतार दुसरीत सुमारे २६ दिवसांनी उमटतो, हे १९९८ मध्ये मोजलं गेलं. असा विलंब विश्वाच्या प्रसरणाचा वेग काढायला उपयोगी पडतो.

पुढे शोधाची तऱ्हाच बदलली. अनुप्रिता मोरे यांचा सहभाग असलेल्या ‘स्पेस वॉर्प्स’ या प्रकल्पाने २०१३ मध्ये भिंगं हुडकायला सामान्य लोकांना हाक दिली, सुमारे ३७,००० जणांनी छायाचित्रं तपासली.

गणित, अँटेना आणि हजारो डोळे या तिन्ही वाटा आज नागपूरच्या महाविद्यालयातल्या मुलामुलींनाही खुल्या आहेत. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीची जुनी निरीक्षणं कुणालाही मागवता येतात. न जुळणारी गोष्ट चूक म्हणून बाजूला सारायची नाही, तिचा पिच्छा पुरवायचा, ही राव-सुब्रह्मण्यन यांची सवय या मुलामुलींनी जरूर उचलावी.