चंदीगढचे अपुरे वर्ष

विद्यार्थिदशेत डेव्हिड ममफर्ड यांच्या ‘अबेलियन व्हरायटीज’ या ग्रंथात सी. पी. रामानुजम हे नाव मी प्रथम वाचले आणि ते श्रीनिवास रामानुजन यांचेच असे समजून पाने उलटीत राहिलो. पुढे तारखा जुळेनात तेव्हा चूक उमगली. कारण श्रीनिवास रामानुजन 1920 साली निवर्तले होते, आणि हे दुसरे गृहस्थ 9 जानेवारी 1938 रोजी मद्रासच्या एका वकिलाच्या घरी जन्मले होते. तेव्हापासून त्यांनी माझ्या मनात जे ठाण मांडले ते आजतागायत उठलेले नाही. त्यांच्या गणिताइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, मी त्यांच्या आजाराचा विचार करीत आलो आहे. आणि मोठ्या गणितज्ञाला वेड का लागते, या प्रश्नाची जी ठरीव उत्तरे सुशिक्षित माणसांच्या जिभेवर तयार असतात, ती मला दिवसेंदिवस अधिकाधिक असह्य होत गेली आहेत.

मागल्या हिवाळ्यात भाचीकडे चंदीगढास महिनाभर मुक्काम पडला, आणि हा विषय पुन्हा उफाळून आला. ती सेक्टर 32 मधील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मनोविकारशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेते. हे महाविद्यालय 1991 सालचे. सेक्टर 32 स्वतःच शहराच्या दुसऱ्या टप्प्यातला. ल कॉर्ब्युझिए यांच्या आराखड्यात पहिल्या टप्प्याकरिता सेक्टर 1 ते 30, त्यातही 13 हा आकडा गाळलेला, आणि पुढील टप्प्याकरिता 31 ते 47 अशी वाटणी होती. त्यामुळे 1965 साली रामानुजम पंजाब विद्यापीठात प्राध्यापक म्हणून रुजू झाले तेव्हा, जेथे आज सकाळी मनोविकारांच्या बाह्यरुग्ण विभागापुढे रांग लागते, तेथवर शहर अद्याप पुरते आलेले नव्हते. विद्यापीठ मात्र सेक्टर 14 मध्ये उभे होते, आणि त्याच्या शेजारी सेक्टर 12 मध्ये, ज्याला सारे उत्तर हिंदुस्थान ‘पीजीआय’ म्हणते ती संस्था नुकतीच, 1962 साली, सुरू झालेली होती. तेथे 1963 साली डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी मनोविकार विभाग काढला. वेड्यांच्या इस्पितळाच्या उंच भिंतींआड नव्हे, तर हाडे-हृदय-पोट पाहणाऱ्या सर्वसाधारण रुग्णालयात मनाच्या आजारालाही खाटा द्याव्यात, ही त्या काळी आपल्या देशात नवी असलेली कल्पना रामानुजम यांच्या वर्गापासून पायी जाण्याच्या अंतरावर आकार घेत होती. हा योगायोग मला रात्र-रात्र झोपू देत नसे.

रामानुजम यांचे पूर्वचरित्र थोडक्यात आटोपतो. लॉयोला कॉलेजात फादर रासीन या फ्रेंच जेझुइट गणितज्ञाचे शिष्यत्व, 1957 साली मुंबईस टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्रवेश. संस्था तेव्हा गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबाच्या इमारतीत होती, कुलाब्याची वास्तू पुढे 1962 ची. फ्रेंच, जर्मन, रशियन, इटालियन या भाषांतले गणित ते मूळ भाषेतून वाचीत.

माझ्या हाती या सर्वाचा जो मुख्य दस्तऐवज आला तो 1978 साली प्रसिद्ध झालेला त्यांचा स्मृतिग्रंथ. त्यात त्यांचे गुरू के. जी. रामनाथन यांनी लिहिलेले स्मरणचित्र आहे. मृत शिष्यावर गुरूने लिहिलेला मजकूर बहुधा गौरवाच्या फुलांखाली झाकला जातो. येथे तसे झालेले नाही. त्यातली एक हकिकत मला इतर साऱ्या तपशिलांहून मोलाची वाटते. संस्थेतील पहिल्या वर्षांत अंकसिद्धांताचे प्रश्न सुटेनात, म्हणून रामानुजम इतके खचले की संशोधन सोडून कोठे तरी कॉलेजात शिकवावे असे ठरवून त्यांनी ठिकठिकाणी अर्ज धाडले. आणि ती जागा त्यांना कोणी दिली नाही. त्यानंतर दोन-तीन वर्षांच्या आत त्यांनी हेरॉल्ड डॅव्हनपोर्ट यांची पद्धत कोणत्याही बैजिक संख्याक्षेत्रास लागू करून दाखविले की, चोपन्न चलराशींच्या कोणत्याही घनरूपाला शून्येतर उकल असलीच पाहिजे; आणि वेअरिंगच्या प्रश्नाच्या व्यापक रूपाविषयी जर्मन गणितज्ञ झीगल यांनी विचारलेल्या शंकेचेही समाधान केले. पुढे याच मनुष्याला बढती मिळाली तेव्हा, आपण तिला पात्र नाही, असा निषेध त्यांनी स्नेह्यांजवळ केला. प्रबंध सादर करण्यासही ते वर्षानुवर्षे तयार नव्हते.

या साऱ्याला विनय म्हणण्याची आपली रीत आहे. विद्या विनयेन शोभते, हे आपण लहानपणापासून इतके घोकलेले असते की, विद्वान मनुष्य स्वतःस कमी लेखू लागला की आपण हात जोडतो. माझे मत स्पष्ट सांगतो: हा विनय नव्हता, किंवा निदान सारा विनय नव्हता. ज्याला बाहेरचा एकही पुरावा डळमळवू शकत नाही अशी नालायकीची भावना, झीगलसारखा प्रबंधाचा परीक्षक प्रसन्न झाल्यावरही जी जात नाही ती, अवसादाचा दाखला असते. रशियन गणितज्ञ शाफारेविच यांची व्याख्याने लिहून काढताना रामानुजम यांनी सिद्धतांतल्या चुका दुरुस्त केल्या, उणिवा भरल्या, आणि खुद्द शाफारेविच यांनी ते कृतज्ञतेने मान्य केले. आपल्या बुद्धीचा असा पुरावा समोर असताना तो न दिसणे हे दृष्टीचे दुखणे आहे, स्वभावाचे भूषण नव्हे.

1964 साली आजाराला नाव मिळाले: तीव्र अवसादासह छिन्नमनस्कता. वय सव्वीस. मुंबई सोडून ते मद्रासला परतले, आणि तेथून चंदीगढास आले. येथे ते रमले होते. हंसराज गुप्त यांच्यापासून चालत आलेली अंकसिद्धांताची भक्कम परंपरा विद्यापीठाच्या गणित विभागात होती. चितिकिला मुसिली हा तरुण त्यांना येथेच भेटला. पुढे लक्ष्मीबाई व शेषाद्री यांच्यासह ज्यांनी नाव कमावले ते हेच मुसिली. परंतु वर्ष पुरे होण्याआधीच आजार उलटला, आणि उपचारासाठी त्यांना मद्रासला जावे लागले. पॅरिसजवळच्या उच्च अभ्यासाच्या संस्थेतला मुक्कामही असाच अपुरा राहिला.

आता कारणांकडे वळू. गणितज्ञाच्या वेडाची जी कथा जगभर सांगितली जाते तिचे मूळ अनंताचे गणित मांडणाऱ्या गेओर्ग कँटर यांच्या चरित्रात आहे. अनंताच्या तोंडात डोकावले म्हणून, अथवा विरोधक गणितज्ञ क्रोनेकर यांनी छळले म्हणून कँटर वेडे झाले, ही हकिकत ई. टी. बेल यांच्या 1937 च्या लोकप्रिय पुस्तकाने घरोघर नेली. कँटर यांनी 1884 साली स्वीडिश गणितज्ञ मित्ताग-लेफ्लर यांना बावन्न पत्रे लिहिली आणि त्यांतून क्रोनेकरवर आग पाखडली, हे खरे आहे. पण गणिताचे इतिहासकार आयव्हर ग्रॅटन-गिनेस यांनी 1971 साली मूळ दफ्तरे तपासून या कथेची शहानिशा केली, आणि ती टिकली नाही. क्रोनेकर 1891 साली वारले. कँटर यांची मोठी आजारपणे त्यानंतरची, 1899 पासून पुढची. हालेच्या रुग्णालयातल्या नोंदी उन्माद-अवसादाच्या फेऱ्यांकडे बोट दाखवितात. असे फेरे आतून येतात. वैरी तेवढा निमित्ताला सापडतो. बेल यांच्या पुस्तकाने कित्येकांना गणिताची गोडी लावली असेल, तरी या एका बाबतीत त्याने रुग्णांचे मोठे नुकसान केले, असे मी म्हणतो. कारण एकदा आजार हा बुद्धीचा मोबदला ठरला की औषधपाणी करणे हा जणू बुद्धीचाच अपमान ठरतो.

रामानुजम यांची कालरेषा या कथेस उघड खोटे पाडते. 1967-68 साली ममफर्ड मुंबईस आले तेव्हा त्यांच्या व्याख्यानांची टिपणे तेथे परतलेल्या रामानुजम यांनी सिद्ध केली. 1970-71 साली वॉरिकच्या बैजिक भूमितीच्या वर्षात ते होते. 1971 साली प्रतलाचे लक्षण सांगणारा, आणि एका बिंदूत आकुंचन पावू शकणारे तरीही प्रतलाहून भिन्न असे पृष्ठ रचून दाखविणारा, त्यांचा निबंध आला. 1972 साली कोडायरा यांच्या प्रमेयावरची टिपणी. म्हणजे त्यांचे उत्कृष्ट काम आजारपणांच्या मधल्या निरोगी कालखंडांत झाले. त्यांचे काम आजाराने खुडून नेले. गणितामुळे आजार आला असता तर या वर्षांत तो सर्वांत बळावायला हवा होता.

भाचीला मी 1964 च्या त्या निदानाविषयी विचारले. ती म्हणाली, “मामा, त्या काळचं लेबल आजच्या अर्थानं वाचू नका.” तिचे म्हणणे मला पटले. साठीच्या दशकात न्यूयॉर्क व लंडन येथील डॉक्टरांची तुलना झाली तेव्हा दिसून आले की, सारख्याच रुग्णांना न्यूयॉर्कचे डॉक्टर कितीतरी अधिक वेळा ‘छिन्नमनस्क’ ठरवीत, आणि लंडनचे त्यांच्यापैकी अनेकांना मनोवस्थेचा विकार सांगत. रामानुजम यांच्या आजाराचे येणे-जाणे, मधल्या काळातली संपूर्ण शाबूत बुद्धी, आणि अपराधभावाचा तो अखंड सूर लक्षात घेता, आज कदाचित निराळा शब्द वापरला गेला असता असे मला वाटते. निदान करण्याचा अधिकार मला नाही. पण शब्दावरून औषध ठरते, आणि म्हणून शब्द महत्त्वाचा आहे.

चंदीगढात पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने दहा देशांत छिन्नमनस्कतेची पाहणी केली, तिच्यात चंदीगढ शहर व भोवतालचा ग्रामीण भाग ही दोन केंद्रे होती. 1992 साली तिचे निष्कर्ष पुस्तिकारूपाने आले. काटेकोर व्याख्येप्रमाणे नव्या रोग्यांचे प्रमाण सर्वत्र दहा हजारांमागे साधारण 0.7 ते 1.4 एवढेच आढळले. पण रोगी पुढे कितपत सावरतात, यात विकसनशील देश उजवे ठरले. विग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1987 साली आणखी एक गोष्ट मोजली होती: घरची माणसे रोग्याशी किती टाकून बोलतात, किती कावतात, किती अंगावर घेतात. चंदीगढच्या 23 टक्के घरांत हे प्रमाण अधिक निघाले. लंडनमध्ये ते सुमारे निम्म्या घरांत होते. रक्तातून जे येते ते टाळता येत नसेल. पण आजार उलटतो की नाही, यात घराचा आवाज मोजण्याइतका फरक पाडतो.

27 ऑक्टोबर 1974 च्या संध्याकाळी बंगळुरात, जेथे टाटा संस्थेच्या उपयोजित गणिताच्या नव्या कार्यक्रमाकरिता ते राहत होते, रामानुजम एका परदेशी पाहुण्या प्राध्यापकाशी उत्साहाने गणितावर बोलले. आणि त्यानंतर त्यांनी आपले आयुष्य संपविले. वय छत्तीस. गणित अखेरपर्यंत त्यांच्या सोबत होते. पुढे इटलीतल्या जिनोव्हाच्या गणित संस्थेने एका दालनास त्यांचे नाव दिले.

निघण्याच्या आदल्या दिवशी भाचीला डबा द्यायला सेक्टर 32 च्या इस्पितळात गेलो. बाकांवर घरेच्या घरे बसली होती. एका सरदारजींनी पोराचा हात हातात धरून ठेवला होता, आणि मधूनमधून त्याला सोललेल्या किन्नूच्या फोडी देत होते. दार उघडून आतून दर वेळी पहिला प्रश्न एकच येई, रोग्याचे नावसुद्धा त्यानंतर: “साथ में कौन है?”