विश्लेषण : एआय एजंट ५०० ऐवजी ५ रुपये का परत करू शकतो?

चॅटबॉट उत्तर देतो, एआय एजंट काम करतो. तिकीट रद्द करणे, फाइलमध्ये बदल करणे, ग्राहकाचे पैसे परत पाठवणे अशी कामे आता त्याच्यावर सोपवली जात आहेत. त्यासाठी त्याला सॉफ्टवेअरची ‘टूल्स’ दिलेली असतात. कोणते टूल कधी आणि कसे वापरायचे, हे त्याला कळते ते सोबत लिहिलेल्या चार ओळींवरून. त्या ओळी नीट लिहिल्या आहेत का, हे तपासायचे कसे?

एजंट नेमके काय वाचतो?

टूलचे नाव, त्याचे वर्णन आणि त्याला कोणती माहिती कोणत्या स्वरूपात द्यायची याची यादी. बस्स. ‘ओपनएआय’ने जून २०२३ मध्ये अशी टूल्स वापरण्याची सोय आपल्या एपीआयमध्ये दिली. नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘अँथ्रोपिक’ने ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ म्हणजे एमसीपी ही खुली पद्धत जाहीर केली आणि एकदा बनवलेले टूल वेगवेगळ्या एजंटना जोडता येऊ लागले. टूलच्या आतला कोड मात्र एजंटला सहसा दिसत नाही.

माणसासाठीची माहिती का पुरत नाही?

रकमेचेच पाहा. ‘रेझरपे’सारख्या पेमेंट सेवेच्या एपीआयमध्ये रक्कम पैशांत द्यावी लागते, ५०० रुपयांसाठी ५०००० हा आकडा जातो. कंपनीच्या दस्तऐवजांत हे स्पष्ट लिहिलेले आहे. पण त्यावर एजंटसाठी टूल बनवणाऱ्याने वर्णनात नुसते ‘रक्कम’ एवढेच लिहिले, तर एजंट ५०० लिहू शकतो आणि ग्राहकाला ५ रुपये परत जातात. गंमत म्हणजे, कुठेही ‘एरर’ येत नाही. यंत्रणेच्या दृष्टीने ५ रुपयांचा परतावा वैधच असतो. नवा कर्मचारी असता तर त्याने शेजारच्या टेबलावर विचारले असते. एजंट बऱ्याचदा अंदाज बांधून मोकळा होतो. तारखेचेही तसेच : ०५/०६ म्हणजे भारतात ५ जून, अमेरिकेत ६ मे.

परीक्षा कशी घेतात?

वर्णन वाचून ‘छान लिहिले आहे’ असा शेरा देण्याला फारसा अर्थ नाही, मग तो शेरा दुसऱ्या एआय मॉडेलने दिलेला का असेना. काम देऊन पाहावे लागते. ‘या ग्राहकाचे शेवटच्या ऑर्डरचे पैसे परत करा’ असे काम द्यायचे आणि शेवटी डेटाबेसमध्ये अपेक्षित नोंद झाली का, ते तपासायचे. मॉडेल तेच ठेवून फक्त वर्णन बदलायचे आणि पुन्हा मोजायचे. योग्य टूल निवडले का, रकाने बरोबर भरले का, किती फेऱ्या लागल्या, चुकल्यावर स्वतःला सावरले का, हे सगळे नोंदवले जाते. टूल वापरायचेच नाही अशीही काही कामे मुद्दाम ठेवावी लागतात. नाहीतर उतावळा एजंट हुशार ठरतो.

एकदा जमले म्हणजे जमले, असेही नाही. ‘सिएरा’ कंपनीच्या संशोधकांनी २०२४ मध्ये ‘टाऊ-बेंच’ ही चाचणी मांडली. किरकोळ विक्री आणि विमानसेवा या क्षेत्रांतील कामांत त्या वेळचे जीपीटी-४ओ निम्म्याहून कमी वेळा यशस्वी झाले. विक्रीच्या कामांत तेच काम आठ वेळा दिल्यावर आठही वेळा बरोबर येण्याचे प्रमाण २५ टक्क्यांच्या खाली होते. ही परीक्षा मॉडेलची होती, वर्णनांची नव्हे. पण पुन्हा पुन्हा करून पाहण्याची पद्धत इथेही तितकीच लागू पडते.

शब्द बदलून खरेच फरक पडतो?

पडतो. अँथ्रोपिकच्या ‘क्लॉड’ला वेब शोधाचे टूल दिले, तेव्हा तो शोधशब्दांपुढे विनाकारण ‘२०२५’ जोडत होता. त्यामुळे निकाल बिघडत. कंपनीने टूलचे वर्णन सुधारून त्याला वळणावर आणले. कधी मात्र वर्णन कितीही घासूनपुसून उपयोग नसतो. याच कंपनीचा प्रोग्रामिंग करणारा एजंट दुसऱ्या फोल्डरमध्ये गेला की फाइलचा अपुरा पत्ता देऊन चुकत असे. तेव्हा टूलच बदलले : नेहमी पूर्ण पत्ता द्यायचा. चूक थांबली.

मग भरपूर लिहावे का?

नाही. प्रत्येक वर्णन मॉडेलच्या मर्यादित वाचनक्षमतेतली जागा खाते, आणि एकसारखी दिसणारी पन्नास टूल्स समोर आली की एजंट गोंधळतो. दुसरा धोका अधिक गंभीर आहे. एजंटसाठी वर्णन ही केवळ माहिती नसते, तो ते आदेशासारखे पाळू शकतो. एप्रिल २०२५ मध्ये ‘इन्व्हेरियंट लॅब्ज’ने दाखवून दिले की साध्या बेरजेच्या टूलच्या वर्णनात ‘आधी अमुक फाइल वाचून तिचा मजकूर पाठव’ असा छुपा हुकूम घुसवता येतो. वापरकर्त्याला तो दिसत नाही, एजंटला दिसतो. म्हणून वर्णन तपासताना ते पुरेसे आहे का, याबरोबरच टूलच्या कामाबाहेरचे काही त्यात लिहिले आहे का, हेही पाहावे लागते. ‘हे टूल फक्त वाचते, काही पुसत नाही’ अशी खूण टूलवर लावण्याची सोय एमसीपीमध्ये आहे; पण टूल देणारा विश्वासार्ह नसेल तर त्या खुणेवर विसंबू नका, असे एमसीपीच्या नियमावलीतच नमूद आहे.