समुद्राला सातबारा नसतो

उन्हाळी धानाचे दिवस होते. कुरखेड्याच्या बसस्थानकासमोर चहा घेत बसलो होतो. शेजारी ओळखीचा एक शेतकरी. रात्रभर मोटारीवर जागून आलेला, डोळे लाल. हातातल्या वर्तमानपत्रात कोकणातल्या अणुवीज प्रकल्पाची बातमी होती. ती मी वाचून दाखवली, तसा तो म्हणाला, "का जी, ते लोक विजेच्या कारखान्याले नाही काऊन म्हणतेत? आमाले रातची वीज भेटते. अंधारात बांदीत उतरा, साप-इच्चू पायाखाली. त्याईले नाही पाहिजेन तं इकडं आणून द्या म्हणा!"

सगळे हसले. मीही हसलो. पण घरी येताना प्रश्न सोबत आला. ज्याला वीज मिळत नाही त्याने विजेला नको म्हणणाऱ्यांचे का ऐकावे? हे विरोध करणारे लोक कोण, ते नेमके काय करतात, आणि त्यांच्या सांगण्याशी आपल्या जंगलातल्या माणसाचा काही संबंध आहे काय?

आधी अणुवीज म्हणजे काय ते पाहू. आपल्याला चंद्रपूरचे औष्णिक वीज केंद्र माहीत आहे. तिथे कोळसा जाळतात, पाण्याची वाफ करतात, ती वाफ चाक फिरवते आणि वीज तयार होते. अणुवीज केंद्रातही शेवटी वाफच चाक फिरवते. फरक चुलीत आहे. तिथे कोळशाऐवजी युरेनियमच्या अणूचे विभाजन होते आणि त्यातून उष्णता निघते. धूर नाही, राख नाही, कोळशाच्या मालगाड्या नाहीत. थोड्या इंधनात पुष्कळ वीज. ही त्याची जमेची बाजू आहे आणि ती नाकारण्यात अर्थ नाही. चंद्रपूरकरांना तर धुराची किंमत सांगायला नको. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक भागांची यादी केली, तेव्हा चंद्रपूर तिच्यात अगदी वर होते.

मग अडचण कुठे आहे? वापरलेले इंधन हजारो वर्षे किरणोत्सर्गी राहते, ते कुठे ठेवायचे ही पहिली अडचण. दुसरी अपघाताची. अपघात क्वचित होतो, पण झाला तर गाव रिकामे करावे लागते आणि परत केव्हा येता येईल हे कोणी सांगू शकत नाही. सोव्हिएत युनियनमधले चेर्नोबिल १९८६ साली आणि जपानमधले फुकुशिमा २०११ साली हे दाखवून गेले. तिसरी अडचण पैशाची आणि चौथी माहितीची. हे खाते पहिल्यापासून गुप्ततेच्या कुंपणात राहिलेले. १९६२ च्या अणुऊर्जा कायद्यानेच तशी मुभा दिली होती.

या चौथ्या अडचणीतून विरोधी संस्था जन्माला आल्या. आपल्या देशातले पहिले ठळक नाव 'अणुमुक्ती'. दक्षिण गुजरातेत वेडछी हे गांधीविचारांच्या कामाचे जुने गाव. तिथून जवळच काकरापार येथे अणुवीज केंद्र होऊ घातले होते. भौतिकशास्त्रज्ञ सुरेंद्र गाडेकर आणि त्यांच्या पत्नी डॉ. संघमित्रा गाडेकर यांनी १९८७ साली वेडछीहून 'अणुमुक्ती' हे नियतकालिक सुरू केले. संघमित्राताई म्हणजे नारायण देसाईंच्या कन्या, महादेवभाई देसाईंची नात. १९९१ साली या दोघांनी कार्यकर्ते जमवले आणि राजस्थानातल्या रावतभाटा केंद्राजवळच्या गावांत घरोघर जाऊन आरोग्याची पाहणी केली. जवळची काही गावे घेतली, तशीच दूरची, सारख्या परिस्थितीतली काही गावे घेतली आणि दोहोंची तुलना केली. जवळच्या गावांत जन्मजात व्यंगांचे प्रमाण जास्त आढळले असा त्यांचा निष्कर्ष होता. अणुऊर्जा खात्याला तो मान्य झाला नाही. वाद राहिला. पण तोवर त्या गावांतल्या बायांना दारात येऊन 'तुमचे मूल कसे आहे' असे विचारणारे कोण होते?

पुढे १९९८ साली पोखरणला अणुचाचण्या झाल्या आणि २००० साली देशभरातल्या गटांनी मिळून अण्वस्त्रविरोधी आणि शांततावादी आघाडी उभी केली. पत्रकार प्रफुल्ल बिडवई हे तिच्यातले अग्रणी. बाँब आणि वीज हे एकाच घरातले भाऊ आहेत, असे या मंडळींचे सांगणे होते.

आता महाराष्ट्रात येऊ. देशातले पहिले अणुवीज केंद्र आपल्याच तारापूरचे. तिथे १९६९ पासून वीज तयार होऊ लागली. पुढे तिसऱ्या-चौथ्या अणुभट्टीसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे उठली आणि पुनर्वसनाचे गाऱ्हाणे न्यायालयापर्यंत गेले. म्हणून रत्नागिरी जिल्ह्यात राजापूर तालुक्यातल्या माडबनला नवा प्रकल्प येणार, हे ठरले तेव्हा कोकणातल्या माणसापुढे तारापूरचे उदाहरण होते. या प्रकल्पाला सगळे 'जैतापूर' म्हणतात. फ्रान्सच्या तंत्रज्ञानाच्या सहा अणुभट्ट्या, प्रत्येकी १,६५० मेगावॅट, मिळून ९,९०० मेगावॅट. आपल्या चंद्रपूरच्या केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट. म्हणजे तीन चंद्रपुरे एका जागी उभी करून वर आणखी काही. त्यासाठी माडबन, निवेली, करेल, मिठगवाणे या पंचक्रोशीतली ९३८ हेक्टर जमीन.

ही जमीन कागदोपत्री बहुतांशी पडीक होती. कोकणातला कातळसडा लांबून पाहणाऱ्याला ओसाडच दिसतो. पण पावसाळ्यात तिथे गवत येते, गुरे चरतात, खाचरात भात होतो, कडेला आंबा-काजू. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या २०११ च्या अहवालानेही कसदार, वापरातली जमीन ओसाड दाखवल्याबद्दल सरकारला दोष दिला. आपल्याकडच्या माणसाला हे नवे नाही. आपल्या झुडपी जंगलालाही कागद पडीकच म्हणत आला आहे.

माडबनची जनहित सेवा समिती, कोकण बचाव समिती अशा संघटना इथे पुढे आल्या. घोषणा, मोर्चे, काळे झेंडे आपल्याला टीव्हीवर दिसले. पण त्यांच्या कामाचा मोठा भाग दिसत नाही. तो वाचण्याचा आहे. अशा प्रकल्पाआधी पर्यावरणावर काय परिणाम होईल याचा अहवाल करावा लागतो, त्याचा सारांश स्थानिक भाषेत द्यावा लागतो आणि मग जनसुनावणी घ्यावी लागते. जैतापूरचा अहवाल आपल्या नागपूरच्या 'नीरी' या संस्थेने केला. जाडजूड आणि इंग्रजी. जनसुनावणी १६ मे २०१० रोजी झाली. मराठी कागद वेळेवर मिळाले नाहीत, काही ग्रामपंचायतींना मिळालेच नाहीत, ही गावांची मुख्य तक्रार होती.

मी कविता लिहिणारा माणूस, माझे शिक्षण बी.ए. विज्ञानाचे मोजमाप मला येत नाही. पण भाषेचे दुखणे मला कळते. माझ्या घरात दखनी वळणाची हिंदी, शाळेत मराठी आणि बाजारात गोंडी कानावर पडत आली. सरकारी कागद तिन्हीपैकी एकाही भाषेत आपल्याशी बोलत नाही, हे मी लहानपणापासून पाहतो. जो कागद वाचता येत नाही त्यावर सही मागणे म्हणजे संमती मागणे नव्हे. विरोधी संस्था तो कागद फोडून सांगते. यंत्र थंड करायला समुद्राचे किती पाणी घेणार, ते किती गरम होऊन परत येणार, त्या पाण्यात मासळी राहील काय, असे प्रश्न ती गावाच्या हाती देते. उत्तर काय येईल ते पुढचे पुढे.

मासळीवरून आठवले. प्रकल्पाच्या जागेपासून खाडीपलीकडे साखरी नाटे हे मच्छीमारांचे मोठे गाव, बहुतेक वस्ती मुसलमानांची. जमीन गेली माडबनच्या शेतकऱ्यांची, म्हणून नुकसानभरपाईच्या धनादेशाचा विचार झाला तो त्यांच्यासाठी. नाटेकरांची जमीन जात नव्हती. त्यांचे शेत समुद्रात, आणि समुद्राला सातबारा नसतो. ज्याच्या नावे कागद नाही तो प्रकल्पग्रस्तांच्या यादीत बसत नाही. तरीही माडबनचा बागायतदार आणि नाट्याचा मच्छीमार एकत्र आले. २०१० च्या जानेवारीत अधिकारी धनादेश घेऊन गावात आले, तेव्हा लोकांनी ते घेतले नाहीत. दोन हजारांहून अधिक खातेदारांपैकी सुरुवातीला शे-सव्वाशे जणांनीच पैसे उचलले.

नोव्हेंबर २०१० मध्ये पर्यावरण मंत्रालयाने ३५ अटी घालून मंजुरी दिली. ११ मार्च २०११ ला फुकुशिमा घडले. त्यानंतर सव्वा महिन्याने, १८ एप्रिलला, नाट्यात आंदोलन पेटले. जमावाने पोलीस ठाण्यावर हल्ला केला असे पोलिसांचे म्हणणे. गोळीबार झाला आणि एक तरुण मच्छीमार गेला. त्याच महिन्यात तारापूरहून जैतापूरकडे निघालेली कार्यकर्त्यांची यात्रा पोलिसांनी वाटेतच अडवली.

आपल्याकडेही असे एक प्रकरण झाले आहे. १९८० च्या दशकात गोदावरीवर इंचमपल्ली आणि इंद्रावतीवर भोपालपटनम ही वीज देणारी धरणे ठरली होती. बाबा आमटे, लाल श्याम शाह यांच्यासह हजारो आदिवासी 'जंगल बचाव, मानव बचाव' म्हणत उभे राहिले. ती धरणे झाली नाहीत. त्याच चळवळीतून धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाने धडा घेतला. नुसते 'नको' म्हणून भागत नाही, म्हणून गावात अभ्यासगट बसू लागला. वनहक्क कायद्यानंतर २००९ साली या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. मोहफूल वेचणाऱ्या बाईकडेही त्याआधी जंगलाचा कागद नव्हताच. नाट्याच्या मच्छीमाराची आणि तिची गोष्ट एकच आहे. फरक इतकाच की आपल्याकडे पेसा कायदा आहे, जमीन घेण्याआधी ग्रामसभेला विचारावे लागते. कोकणातल्या त्या गावांकडे तेवढाही आधार नव्हता.

या संस्थांचे चुकते कुठे तेही बोलले पाहिजे. काही कार्यकर्ते अणुभट्टी म्हणजे जणू अणुबाँबच, असे सांगतात. ते खरे नाही. अशा भट्टीच्या इंधनात विभाजनक्षम युरेनियम पाच टक्क्यांच्या आतच असते. तिचा बाँबसारखा स्फोट होत नाही, धोका किरणोत्सर्ग बाहेर पडण्याचा असतो. भुताची भीती दाखवून माणूस एकदा जागा होतो, दुसऱ्यांदा झोपूनच राहतो. उलट बाजूने, विरोधक म्हणजे परदेशी पैशाचे हस्तक, हेही सोपे उत्तर आहे. तमिळनाडूतल्या कुडनकुलमच्या वेळी २०१२ साली खुद्द पंतप्रधानांनी परदेशी पैशावर चालणाऱ्या संस्थांकडे बोट दाखवले होते. पैसा कुठून आला हे जरूर तपासावे, पण त्याने प्रश्नाचे उत्तर होत नाही.

पैशाच्या बाबतीत तरी विरोधकांची शंका खोटी ठरली नाही. जैतापूरसाठी ठरलेल्या याच जातीच्या अणुभट्टीचे काम फिनलंडमध्ये २००५ साली सुरू झाले, ती नियमित वीज देऊ लागली २०२३ मध्ये. खुद्द फ्रान्समधली फ्लामांव्हिल येथील भट्टी २००७ साली सुरू केलेली, तिची वीज तारेत आली २०२४ च्या डिसेंबरात. खर्च दोन्हीकडे मूळ अंदाजाच्या कितीतरी पट झाला. जैतापूरला २०१३ मध्ये सरकारने मोबदला हेक्टरी साडेबावीस लाख केला, तेव्हा बहुतेक खातेदारांनी तो घेतला. फ्रेंच कंपनी बदलली, २०२१ मध्ये नवा प्रस्ताव आला, पण दराचे घोडे अडलेले आणि अजून तिथे एकही अणुभट्टी उभी नाही. हे यश आंदोलनाचे की हिशेबाचे, यावर वाद घालता येईल. मला वाटते दोन्हींचे.

दरम्यान देशाने पुढचे पाऊल टाकले आहे. २०४७ पर्यंत एक लाख मेगावॅट अणुवीज हे उद्दिष्ट २०२५ च्या अर्थसंकल्पात जाहीर झाले, आज ती नऊ हजारांच्या आसपास आहे. त्याच वर्षी डिसेंबरात संसदेने नवा कायदा करून १९६२ चा अणुऊर्जा कायदा आणि २०१० चा अपघात-भरपाईचा कायदा दोन्ही बाजूला सारले आणि खासगी कंपन्यांना दार उघडले. यंत्र पुरवणाऱ्याच्या दोषाने अपघात झाला तर त्याच्याकडून भरपाई वसूल करण्याची जी तरतूद २०१० मध्ये होती, तीही गेली. म्हणजे प्रकल्प वाढणार आहेत आणि विचारणाऱ्यांची गरजही वाढणार आहे. तुम्ही अणुविजेच्या बाजूचे असा की विरुद्ध, प्रकल्प सुरक्षित व्हावा असे वाटत असेल तर त्याला अडवून प्रश्न विचारणारा कोणीतरी हवा.

काही दिवसांनी तो शेतकरी पुन्हा भेटला. मी त्याला समुद्राच्या सातबाऱ्याची गोष्ट सांगितली. त्याने ती नीट ऐकली. म्हणाला, "बरोबर हाये जी. आमच्या मोहाचंही तसंच होतं." मग थोडे थांबून, "पन माया रातच्या मोटारीचं का?"

त्याचा हा प्रश्न विरोधी संस्थांनीही उरावर घेतला पाहिजे. नको म्हणणाऱ्याने काय हवे तेही सांगावे लागते. शेतीला दिवसा सौरवीज देण्याची योजना राज्याने २०१७ पासून हाती घेतली आहे. ती आमच्या बांधापर्यंत केव्हा येते, हे विचारायला आता गावातल्या चार जणांनी ग्रामसभेत अर्ज द्यायचे ठरवले आहे. अर्जाची भाषा माझ्याकडे आली आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)